दुसरं टोक

मामेरं, म्हणजे मामाकडचा लग्नाचा आहेर, वेळेवर पोचावं, एवढीच त्या दिवशी प्रागजीभाईंना काळजी होती. बहिणीच्या मुलीचं लग्न. मामाकडची भेटवस्तूंची छाब मांडवात आल्याखेरीज पुढचं काही हलत नाही, आणि उशीर झाला तर सासरकडच्या बायका जन्मभर टोमणे मारायला मोकळ्या. साड्या, दागिन्यांचा डबा, पितळी भांडी, मिठाईचे खोके असं सगळं लाल कापडात बांधून, गाठींना कुंकू लावून दुपारचं जेवण उरकताच त्यांची व्हॅन मोरबीहून निघाली. काचेला झेंडूची माळ होती आणि शेजारी नव्या साडीतल्या लाभूबेन.

प्रागजीभाई टाइल्सच्या कारखान्यात सुरक्षेचं काम बघायचे. भट्टीजवळ कुणी साध्या चपलेत दिसला की त्याची खैर नसे. घरीही तेच. गॅस बंद केलास का, हे तीनदा विचारल्याशिवाय त्यांच्या दाराला कुलूप लागत नसे. लाभूबेन शेजारणींना सांगायच्या, "यांचं चाललं असतं ना, तर यांनी मला हेल्मेट घालूनच फेरे घ्यायला लावले असते."

माळिया मागं पडलं आणि कच्छच्या रणाचा वारा लागला. दोन्ही बाजूंना मिठागरं, पांढरे ढीग, आणि तो खारट, किंचित कुजका वास. खाडीवरचा पूल अजून लांब होता तेवढ्यात बॉनेटमधून वाफ निघाली.

प्रागजीभाई घाबरले नाहीत. उलट इतकी वर्षं जे सांगत आलो ते आता करून दाखवायची वेळ आली, म्हणून त्यांना थोडा हुरूपच चढला. त्यांनी व्हॅन अगदी डाव्या कडेला घेतली, चारी दिवे लुकलुकते ठेवले आणि लाभूबेनना डाव्या दारानं उतरवून कठड्यापलीकडे नेऊन बसवलं.

"गाडीत बसायचं नाही. गाडीच्या पुढंमागं उभं राहायचं नाही. मागून एखादा ट्रक आला तर गाडीसकट चटणी होते माणसाची."

"शुभकार्याला निघालोय. तोंडातून जरा बरं काढा काहीतरी."

गाडीमागं ठेवायचा लाल त्रिकोण त्यांच्याकडे होता. पण तो होता मामेऱ्याच्या तळाशी, आणि तो काढायचा तर सगळी बांधाबांध सोडायला हवी. लाभूबेननी साफ नाही म्हटलं. कुंकू लावलेल्या गाठी वाटेत सोडत नाहीत. बायकोपुढे प्रागजीभाई क्वचित नमतं घेत, त्यातली ही एक वेळ. मग सगळे करतात तेच त्यांनी केलं. वेड्या बाभळीची फांदी तोडली, तिला लाल चिंधी बांधली, भरावाचे काळे दगड उचलून व्हॅनच्या बऱ्याच मागं रस्त्यात ओळीनं मांडायला घेतले. एक दगड मात्र चांगला लांबोडका, माणसाच्या मांडीएवढा जाड. तो दिसला असता लांबून. पण तो काही त्यांना एकट्याला हलेना.

तेवढ्यात एक मोटरसायकल येऊन थांबली. दोन्ही बाजूंना पाण्याचे कॅन लटकवलेले, आणि वर पस्तिशीचा, उन्हानं रापलेला एक अगरिया. मीठ पिकवणारा.

"काय मामा, ताप आला वाटतं गाडीला?" झेंडूची माळ आणि लाल गाठोडी बघून मामेरं निघालंय हे त्यानं ओळखलंच होतं.

"पाणी आटलंय. बाटलीत होतं ते ओतलं. तेवढ्यानं काय होतंय?"

तो आपल्या कॅनकडे बघत क्षणभर घुटमळला. मिठागरात गोडं पाणी म्हणजे काय चीज असते हे रणाकाठच्या माणसाला सांगावं लागत नाही. टँकर आला नाही की असं लांबून आणायचं, आणि पुरवून पुरवून प्यायचं. मग त्यानं एक कॅन सोडला.

"घ्या. माणूस तहान मारून राहतो, इंजिन नाही राहत. पण जरा निवू द्या आधी, नाहीतर भांडं फुटेल. तोवर तो दगड ठेवू. तुम्ही ते टोक धरा, मी हे धरतो."

दोघांनी मिळून दगड उचलला. तो माणूस दुसरं टोक धरून उलटा, मागं मागं चालत होता आणि प्रागजीभाईंना सांगत होता, "सावकाश… पाय बघा… हां, आता ठेवा." देवशी त्याचं नाव. आईला घेऊन मिठागरातच राहत होता.

निघताना त्यानं प्रागजीभाईंचा नंबर घेऊन त्यावर एक रिंग दिली. "पुढं पुन्हा तापली तर बोलवा. आणि मामा, जाताना दगड तेवढे कडेला सारा हं. मला परत फेरा पडला तर मी याच रस्त्यानं येणार, आणि माझा दिवा म्हणजे नुसता काजवा आहे."

"अरे, मला सांगतोस? माझं कामच आहे ते."

देवशी हसला आणि गेला.

इंजिन निवायला वेळ लागला. पाणी भरून होईपर्यंत दिवस बुडाला. तेवढ्यात बहिणीचा फोन, रडवेला. "भाई, आहात कुठं? व्याही विचारतायत, मुलीला मामा आहे की नुसतं नावच आहे." प्रागजीभाईंनी लाभूबेनना हाक मारली, किल्ली फिरवली. गाडी पहिल्याच फटक्यात सुरू झाली.

"अहो, दगड?"

त्यांनी आरशात बघितलं. लहान दगड एका दमात निघाले असते. मोठा दोघांनी मिळून लोटत न्यावा लागला असता, त्यात कपडे माखले असते.

"येताना काढू."

"येताना आपण पलीकडच्या रस्त्यानं येणार."

"मग दुभाजक ओलांडून येईन मी. फांदी आहे ना तिथं? दिसतंय सगळ्यांना. बस आता!"

मामेरं दणक्यात झालं. ढोल वाजला, बहीण गळ्यात पडून रडली, व्याह्यांनी स्वतः उठून प्रागजीभाईंना फेटा बांधला. लापशी खाताना मध्येच एकदा त्यांना दगड आठवले. त्यांनी वर आणखी तूप वाढून घेतलं.

झोपायला पुरुषमंडळींच्या गाद्या शाळेच्या ओसरीवर घातल्या होत्या. डोळा लागतोय तोच फोन थरथरला. नाव नव्हतं, पण नंबर संध्याकाळचाच. प्रागजीभाईंनी तो ओळखला. दगडांचंच विचारायचं असणार याला… आता काय सांगू? राहिलं म्हणून सांगू? त्यांना लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून त्यांनी उचलला नाही. वाजून वाजून तो थांबला. थोड्या वेळानं पुन्हा वाजला, आणि या वेळी मध्येच तुटला. त्यांनी फोन बंद करून उशीखाली सारला. गाडी काढली असती तर तासाभराचा रस्ता होता. त्यांनी कूस बदलली. आणि त्यांना झोप लागली. गाढ लागली.

दुसऱ्या दिवशी ऊन उतरताना ते परत निघाले. व्हॅन रिकामी होती. ती जागा जवळ आली तसा प्रागजीभाईंनी गाडीचा वेग कमी केला. दुभाजकापलीकडे माणसं दिसत होती. बाया पांढऱ्या साड्यांत, डोक्यावरून पदर ओढून बसलेल्या. कडेला वाकडीतिकडी झालेली मोटरसायकल, आणि फुटका कॅन.

लाभूबेनच्या तोंडून कसेबसे शब्द निघाले. "अहो… हे…"

प्रागजीभाई उतरले. पाय नेत होते तिकडे गेले. लहान दगड कुणीतरी रस्त्याबाहेर फेकले होते. मोठा मात्र पहारीनं ढकलून कसाबसा कडेपर्यंत आणला होता, आणि त्याच्यावर शेंदूर फासला होता.

त्या माणसांतला म्हातारा पुढं आला. देवशीचा काका, भिखू. "भाई, व्हॅन रिकामी आहे का? एवढा दगड आमच्या मिठागरापर्यंत पोचवाल? ट्रॅक्टरवाला येतो म्हणाला, तो काही आला नाही."

"हा… कशाला?"

"पुतण्या गेला काल रात्री. कुणी हरामखोर दगड मांडून तसाच निघून गेला. रस्त्यावर ज्यानं जीव घेतला त्याच दगडाची खांभी उभी करायची, गेलेल्याच्या नावानं, असं आहे आमच्यात. सकाळी जाळलं पोराला, आज खांभी बसली पाहिजे."

"असल्यांना…" प्रागजीभाईंच्या घशातून आवाज आला, "असल्यांना फटके दिले पाहिजेत." आपण हे बोललो, यावर त्यांचाच विश्वास बसेना.

"पण उचलायचा कसा ते बघू," भिखू म्हणाला. "दुपारपासून चौघं लागलोय, पहारीशिवाय हलत नाही. काल रात्री कुठून एवढं वजन आलं याला कोण जाणे."

प्रागजीभाई वाकले. खरं तर नुसता हात लावल्यासारखं करायचं होतं त्यांना. त्यांनी आपल्या बाजूचं टोक धरलं, आणि "या, दोघंतिघं या" असं म्हणेपर्यंत दगड वर आला.

सरळ वर आला. समोरचं टोकही तेवढंच वर. त्या टोकाला कुणी नव्हतं. उन्हात नुसती हवा होती. पण दगडाला एक हलका, ठेक्यातला ओढा होता. समोर कुणीतरी उलटं चालावं, आणि एकेक पाऊल मागं टाकताना दगड जरासा हिसकावा, तसा. प्रागजीभाईंना त्यामागं चालत जावं लागलं. दुभाजकाशी दगड थोडा थांबला. पाय बघून ओलांडायला वेळ मिळाला. मग पुन्हा चालू लागला.

एका पोरसवद्या बाईनं लेकराचे डोळे झाकले. व्हॅनच्या मागच्या फळीवर दगड टेकला, तेव्हा प्रागजीभाईंनी आपले तळवे उलटून बघितले. वजन असं लागलंच नव्हतं.

देवशीची आई उजीमा मागं दगडाजवळ बसल्या. बाकीचे मोटरसायकलींवर पुढं गेले. व्हॅन हमरस्ता सोडून रणातल्या मातीच्या वाटेला लागली. समोर सगळीकडे एकसारखी भेगाळलेली जमीन. लाभूबेन समोर बघत बसल्या होत्या. त्यांनी नवऱ्याकडे एकदाही मान वळवली नाही. मागच्या अंधाऱ्या भागातून म्हातारीचा आवाज यायला लागला. ती कुणाशी बोलत होती ते कळत नव्हतं.

"एक कॅन भरलेला, एक रिकामा घेऊन आला… मी म्हटलं, हे काय रे? तर म्हणतो, मा, वाटेत मामेऱ्याची गाडी तहानली होती. मी तोंड सोडलं त्याच्यावर. म्हटलं, आपल्या तोंडचं पाणी लोकांच्या गाड्यांना पाजतोस? जा, आत्ताच्या आत्ता भरून आण… सकाळी जातो म्हणत होता. मी नाही ऐकलं. माझ्या जिभेनं मारला मी त्याला…"

"मा, असं नका म्हणू," लाभूबेन रडत म्हणाल्या. "पाणी प्या थोडं. माझ्याकडे आहे."

"नाही बेन. पाण्यासाठी पाठवला. आता माझ्या घशाखाली पाणी उतरायचं नाही. जाईन मी पण त्याच्या मागं. किती दिवस लागतात?"

लाभूबेननी बाटली परत मांडीवर ठेवली, म्हातारी बोलतच राहिली.

"पोलीस म्हणाले, बराच वेळ जिवंत होता. मोबाइल हातातच होता त्याच्या. कुणाला लावत होता कोण जाणे… माझ्याकडे तर फोनच नाही."

प्रागजीभाईंच्या छातीवरच्या खिशात त्यांचा फोन होता. तो त्यांना तिथं कातडीला चिकटल्यासारखा वाटला. संध्याकाळी आपल्याला रिंग दिली होती, तोच त्याचा शेवटचा नंबर. पडल्या पडल्या, डोळ्यांनी न बघता, नुसता अंगठा दाबला तरी तोच लागला असता. हे त्यांना आत्ता, या क्षणी समजलं.

झोपडीपाशी खड्डा खणून ठेवला होता. सूर्य मिठाच्या ढिगांना टेकला होता. प्रागजीभाईंनी दगड पुन्हा उचलला, आणि पुन्हा तो तसाच आला. समोरून धरलेला. खड्ड्याशी ते थांबले, आपलं टोक खाली केलं. आता दुसरं टोक वर करून दगड उभा राहायला हवा होता. तो उभा राहिना. तिरपा, हवेत तसाच राहिला.

भिखूकाका हळूच म्हणाले, "नाव घ्यावं लागतं. ज्याच्या हातून गेला त्याचं. त्याशिवाय गेलेला जागेवर बसत नाही. रस्त्यावर फिरत राहतो."

"कुणाला ठाऊक आहे नाव?" कुणीतरी म्हणालं.

"मला आहे," उजीमा म्हणाल्या. त्या पुढं आल्या, आणि जिथं कुणी नव्हतं तिथं हात पुढं करून म्हणाल्या, "माझं घ्या. उजी, देवशीची आई. ठेव बाळा, ठेव आता. मीच पाठवलं तुला."

दगड हलला नाही.

वारा पडला होता. प्रागजीभाईंना सगळ्यांत भीती कशाची वाटली असेल, तर हात दुखत नव्हते याची. असं रात्रभर उभं राहता आलं असतं. समोरचा धरून उभा राहिला असता आणि तेही. लाभूबेननी तोंडाला लावलेला पदर खाली घेतला.

"मा…" प्रागजीभाई म्हणाले. "तुम्ही नाही… मा, ती गाडी माझी होती. ही. पाणी मी घेतलं. दगड मी मांडले, हा आम्ही दोघांनी मिळून ठेवला. काढून ठेवा म्हणाला होता तो मला. मी हो म्हटलं. आणि घाई होती म्हणून… कपडे खराब होतील म्हणून… मी तसाच गेलो. प्रागजी. माझं नाव प्रागजी आहे, मा."

समोरचं टोक वर गेलं. दगड खड्ड्यात उभा झाला, जराही आवाज न करता. हातातून कुणीतरी सोडल्याचं त्यांना स्पष्ट जाणवलं.

कुणी मारलं नाही, कुणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. बाया रडायला लागल्या, भिखूकाका पाठ फिरवून खड्ड्यात माती लोटायला लागले. उजीमा खाली बसल्या. त्यांच्या अंगातलं काहीतरी सैल झाल्यासारखं दिसलं. लाभूबेननी बाटली पुढं केली तेव्हा त्यांनी ती घेतली, आणि आदल्या रात्रीनंतर पहिल्यांदा घोटभर पाणी प्यायल्या. पुन्हा एक घोट. प्रागजीभाई त्यांच्या पायाशी कोसळून लहान मुलासारखे रडले.

खिशातल्या फोनची गोष्ट त्यांनी सांगितली नव्हती. एवढं पुरे आहे, त्यांच्या मनानं त्यांना सांगितलं. दगड बसला, म्हातारी पाणी प्यायली. आता ते सांगून तिला आणखी कशाला जाळायचं? हे त्यांना दयेचं वाटलं. अगदी मनापासून वाटलं.

उजीमांनी बाटलीचं झाकण लावलं. पदरानं तोंड पुसलं.

"सगळं सांगितलंत ना, भाई?"

"हो मा," प्रागजीभाई म्हणाले. "सगळं."

म्हातारी त्यांच्याकडे बघत नव्हती. त्यांच्या खांद्याच्या जरा पलीकडे, थोडं वर, उभ्या माणसाचं तोंड असतं तिथं ती बघत होती.

"मग तो अजून तुमच्याच शेजारी का उभा आहे?"